पोटाला मार लागलाय आणि खांदा दुखतोय? मग घरी थांबू नका

गाडीवरून कोणी पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, "रक्त आलं का?" नाही म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग मुका मार आहे, हळद-दूध घे, झोप, सकाळी बरं वाटेल. मला ह्या "सकाळी बरं वाटेल"ची खरंच भीती वाटते, कारण पोटाच्या पोकळीत लिटरभर रक्त साठलं तरी बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, पोट फुगलेलंही वाटत नाही. दोघं एका बाईकवरून पडतात, एकाचा गुडघा सोलवटलेला असतो आणि तो ओरडत असतो म्हणून सगळे त्याच्याभोवती, आणि दुसरा कडेला दगडावर पांढराफटक पडून गप्प बसलेला, कपाळावर गार घाम, पाणी मागतोय. आधी बघायला हवं ते त्या दुसऱ्याकडे.

पोटाला जोरात धक्का बसला की सगळ्यात जास्त वेळा फुटतात ते दोन अवयव, लिव्हर आणि पाणथरी म्हणजे प्लीहा. आज पाणथरीवरच लिहितोय, कारण तिच्याइतका दुर्लक्षित अवयव दुसरा नाही. डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते, मुठीएवढी, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, आतून मऊ आणि वरचं आवरण पातळ. पण हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण विसावा हिस्सा, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त हिच्यातून जातं. त्यामुळे ती फाटली की वाहणं किती वेगाने होऊ शकतं ह्याचा अंदाज करा. मलेरियाने किंवा दुसऱ्या कशाने ती आधीच सुजलेली असेल तर किरकोळ धक्काही पुरतो. इंग्रजांच्या काळात तर ह्याचा बचाव म्हणून वापर झालाय, १८७० च्या दशकात आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराला मारलं, तो पाणथरी फुटून मेला, पाणथरी आधीच वाढलेली होती म्हणून फुलरला दंड झाला ३० रुपये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यावर मॅजिस्ट्रेटला जाहीर झापलं, पण मेलेला माणूस मेलाच.

आता खांद्याकडे येतो, कारण ही मला वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पाणथरी फुटलेला पेशंट बऱ्याचदा सांगतो की डावा खांदा दुखतोय. खांद्याला काही लागलेलं नसतं, हात सगळीकडे फिरतो, दाबून दुखत नाही, एक्स-रे नॉर्मल. आडवं केलं, त्यातून पाय वर उचलले, की दुखणं वाढतं. हान्स केर नावाचा जर्मन सर्जन होता, त्याच्या नावाने ह्याला केर्स साइन म्हणतात.

हे कसं होतं? पाणथरीच्या बरोबर वर श्वासपटल आहे, छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूचा पडदा. पोटात सांडलेलं रक्त आडवं झाल्यावर ह्या पडद्याखाली जमतं आणि त्याच्या खालच्या अस्तराला चुरचुरवतं. ही तक्रार मेंदूपर्यंत नेणारी नस म्हणजे फ्रेनिक, आणि गंमत अशी की पडदा आहे बरगड्यांच्या तळाशी पण त्याची नस निघते मानेतून, मज्जारज्जूच्या मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. एवढ्या लांबून का? कारण आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात ह्या पडद्याचा मूळ भाग मानेसमोरच तयार होतो, तिथेच त्याला मानेतल्या नसा मिळतात, आणि मग पुढच्या महिनाभरात गर्भ वाढतो, हृदय-फुफ्फुसं मोठी होतात आणि पडदा खाली खाली सरकत जातो. येताना नस सोडून येत नाही, ओढत आणतो. म्हणून मोठ्या माणसात ती नस मानेपासून हृदयाच्या कडेकडेने खालपर्यंत उतरलेली दिसते.

आता खांद्याच्या वरच्या कातडीची संवेदना कुठे जाते? मानेतल्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच. मज्जारज्जूत ह्या दोन्हीकडच्या तारा पुष्कळदा एकाच पुढच्या पेशीवर येऊन टेकतात, म्हणजे दोन घरांची बेल एकाच घंटीला जोडल्यासारखं, घंटी वाजली की दार कुठलं ते कळत नाही. मेंदूला आयुष्यभर खांद्याकडून निरोप आलेले असतात, कपडा घासला, कुणी हात ठेवला, ओझं उचललं. श्वासपटलाकडून दुखण्याचा निरोप जवळपास कधीच नाही. म्हणून तो सवयीने खांदा म्हणतो. फक्त पडद्याचा मधला भाग असं करतो बरं का, कडांना बरगड्यांच्या नसा आहेत, तिथलं दुखणं तिथेच दुखतं. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये डावा हात दुखतो तेही ह्याच धर्तीवर, फक्त मज्जेतली पातळी वेगळी. दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या कोणालाही विचारा, दुसऱ्या दिवशी खांदा का दुखत होता, पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड तेच करतो. लिव्हर फुटलं तर उजवा खांदा. अर्थात खांदा दुखला नाही म्हणून पाणथरी ठीक आहे असं अजिबात नाही, पुष्कळांना दुखतच नाही.

दुसरी फसवणारी गोष्ट बीपीची. "बीपी चेक केलं, नॉर्मल आहे" हे ऐकून लोक घरी घेऊन जातात. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. पाऊण लिटर गेलं तरी फारसं काही जाणवत नाही. पाऊण ते दीड लिटर ह्या टप्प्यात मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या पेशी मेंदूला कळवतात, नाडी शंभरच्या वर जाते, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि वरचं बीपी जवळपास तेवढंच राहतं, खालचं तर उलट वाढतं. ११६/९४ असा आकडा बघून निर्धास्त व्हायचं नसतं, दोन आकड्यांमधलं अंतर घटलंय ते बघायचं. वरचं बीपी खरं पडतं ते दीड लिटरच्या पुढे, आणि लहान मुलं तर शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतात मग एकदम कोसळतात. म्हणून नाडी, गार पडलेले तळवे, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते का, हे बीपीपेक्षा आधी बोलतं.

इथे एक सांगायलाच हवं. पडल्यावर पोट दुखतंय तर "बेंबी सरकलीय" म्हणून पोट चोळून देणारे, अंगठ्याने दाबून "बसवणारे" लोक अजूनही गावोगावी आहेत, शहरातही आहेत. बेंबी सरकत नसते. आणि फाटलेल्या पाणथरीवर रक्ताची गुठळी धरून बसलेली असते, तीच वाहणं थांबवत असते, चोळून ती सुटली तर जे होईल ते कोणत्याही मांत्रिकाच्या हातचं नाही. हळद-दूधही नको, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन, सर्जन आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी जा.

हॉस्पिटलमध्ये पहिली तपासणी फास्ट, म्हणजे सोनोग्राफीचाच छोटा अवतार, कॅज्युअल्टीत खाटेवरच दोन-तीन मिनिटांत होते. अवयव नीट बघायचाच नसतो, फक्त एकच प्रश्न, जिथे पाणी नको तिथे पाणी आहे का. मोकळ्या द्रवातून आवाजाच्या लहरी परत येत नाहीत म्हणून ताजं रक्त स्क्रीनवर काळं दिसतं. चार जागा बघतात: लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट, पाणथरीभोवती, खाली ओटीपोटात, आणि हृदयाभोवती. लिव्हर-किडनीच्या मधली ती काळी पट्टी बोटभरही नसते पण तिच्यावर ऑपरेशनचा निर्णय होतो. पूर्वी म्हणजे १९६५ नंतरची बरीच वर्षं ह्यासाठी बेंबीखाली छेद देऊन पोटात लिटरभर सलाईन सोडायचे, परत काढायचे आणि रंग बघायचे. फास्टची मर्यादा अशी की दोनशे मिलीपेक्षा कमी रक्त सहसा दिसत नाही, आणि आतड्याचं भोक किंवा मागच्या बाजूचं स्वादुपिंड तर नाहीच. त्यामुळे "सोनोग्राफी क्लिअर" हा शेवटचा शब्द नाही, परत परत करावी लागते.

पेशंट कोसळतोय आणि फास्टमध्ये रक्त आहे, तर थेट ऑपरेशन थिएटर. स्थिर असेल तर शिरेतून सीटीत चमकणारं औषध देऊन सीटी. त्यात फाटलेल्या जागेतून बाहेर झिरपणारं औषध पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं, त्याला ब्लश म्हणतात, तो दिसला की रक्त आत्ता ह्या क्षणी वाहतंय. जखमेला १ ते ५ अशी ग्रेड देतात, १ सगळ्यात हलकी, ५ सगळ्यात वाईट.

आणि मग बहुतेक स्थिर पेशंटचं ऑपरेशन करतच नाहीत! नातेवाईक इथेच भांडतात, "पाणथरी फाटलीय आणि तुम्ही नुसते बघत बसलाय?" थिओडोर कोखर, १९०९ चा नोबेल मिळालेला सर्जन, त्याचं मत होतं की पाणथरीला इजा झाली तर काढून टाका, काढल्याने काही वाईट होत नाही. अर्धं शतक जगाने तेच केलं. १९५२ मध्ये अमेरिकेत किंग आणि शुमाकर ह्यांनी दाखवलं की पाणथरी काढलेल्या तान्ह्या बाळांना भयंकर जंतुसंसर्ग होतो, न्यूमोकोकससारखे आवरणवाले जंतू रक्तातून गाळायचं काम तीच करत होती. टोरोंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये काही सर्जन मुलांची पाणथरी न काढता सांभाळायला लागले होते, आणि १९६८ मध्ये तो अनुभव जगासमोर मांडला तो उपाध्याय आणि सिम्प्सन ह्यांनी. त्यातले उपाध्याय आपल्या दिल्लीच्या एम्सचे. माकडांवर प्रयोग करून फाटलेली पाणथरी आपोआप भरून येते हेही त्यांनी दाखवलं. हे नाव आपल्याकडे डॉक्टरांच्या बाहेर कोणाला माहीत नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुसतं बघणं म्हणजे आयसीयूत तासातासाला नाडी, ठराविक तासांनी हिमोग्लोबिन, रक्ताच्या पिशव्या तयार, आणि गरज पडली तर रात्री दोनला थिएटर उघडायची तयारी. ब्लश दिसला आणि सोय असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून पाणथरीच्या धमनीत तारेची वेटोळी सोडून रक्त अडवतात, १९८१ पासून ही पद्धत आहे. तरी काहींची काढावीच लागते.

आतड्याचं दुखणं वेगळं, तिथे रक्तापेक्षा भोक घात करतं आणि लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. पोटावर सीटबेल्टचा निळा वळ किंवा मुलाच्या पोटावर सायकलच्या हँडलचा गोल डाग दिसला तर डॉक्टरला तो मुद्दाम दाखवा.

घरी सोडताना मुलांसाठी एक सोपा हिशोब वापरतात, ग्रेड अधिक दोन, म्हणजे ग्रेड ३ असेल तर पाच आठवडे सायकल, कबड्डी, झाडावर चढणं बंद. पाणथरी फुटायची कधीकधी काही दिवसांनी फुटते, त्यामुळे मुलगा आठव्या दिवशी उड्या मारतोय म्हणून मैदानावर सोडायचं नाही. आणि ज्यांची काढलीय त्यांनी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब ह्या तिन्ही जंतूंच्या लसी, साधारण ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी, घ्यायच्याच. आणि पुढे आयुष्यात कधीही थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन पहिलं वाक्य हेच सांगायचं की मला पाणथरी नाहीये.