एसीच्या नळीतून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस संपला?

परभणीतला मे महिना, पारा ४२ वर. शेजारच्या काकूंनी हाक मारली. एसी गार करत नव्हता आणि बाहेरच्या नळीतून पाण्याचा थेंबही पडत नव्हता. मेकॅनिक नळीकडे बघून सांगून गेला होता की गॅस संपलाय, भरावा लागेल.

गॅस संपत नाही. माठातलं पाणी संपतं, कारण त्याची वाफ हवेत निघून जाते. एसीत वाफ होते ती बंद नळ्यांच्या आतच. बऱ्याच नव्या एसींत भरलेला आर-३२ हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांवर उकळतो. खोलीतल्या कॉइलमध्ये, म्हणजे वळवलेल्या नळ्यांमध्ये, तो साधारण दहापट दाबाखाली असतो, म्हणून ७ अंशांच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला इतका दाबतो की तो बाहेरच्या ४२ अंशांच्या हवेपेक्षाही गरम होतो. तिथे उष्णता सोडून त्याचा पुन्हा द्रव होतो. घरगुती एसीतला हा किलोभर गॅस साधारण मिनिटभरात एक फेरी मारतो आणि वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे, बहुतेकदा गॅसच्या नळीच्या जोडावर. ती न शोधता दर उन्हाळ्यात ‘टॉप-अप’ची ऑफर देणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

मग पाणी का पडत नाही? मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हाच भाग. ४२ अंशांच्या हवेत बाष्प ठासून भरलं, तर त्याचा दाब ८२ मिलिबार होतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता १५ टक्के धरली, तर प्रत्यक्ष दाब उरतो १२ मिलिबार. एवढ्या बाष्पाने हवा संपृक्त व्हायला ती १० अंशांपर्यंत थंड व्हावी लागते. हे तिचं दवबिंदू तापमान. कॉइलचा पत्राही साधारण तेवढाच गार असतो, म्हणून त्यावर दव जेमतेम धरतं. जूनअखेरीस ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर दाब ३३ मिलिबार आणि दवबिंदू २६ अंशांच्या जवळ. तेव्हा तीच कॉइल पाण्याने निथळते. नळीतलं पाणी हवेचं असतं, त्यावरून गॅस मोजता येत नाही.

काकूंच्या एसीची जाळी काढली तर तिच्यावर धुळीचा जाड थर होता. जाळी तुंबली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही आणि खोलीतली उष्णता गॅसपर्यंत पोचतच नाही. दमट दिवसांत अशा कॉइलवर बर्फही धरतो आणि लोक त्यालाही गॅसचाच दोष समजतात. मराठवाड्याच्या धुळीत जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी. आउटडोअरच्या पत्र्या मेन स्विच बंद करून हलक्या धारेने धुवाव्यात. बोअरचं पाणी जड असेल तर ते मात्र त्यांवर रोज शिंपडू नये, क्षारांचा पांढरा थर बसतो आणि उष्णता अडते. गळती सापडलीच, तर आधी जोड दुरुस्त, मग व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने काढणं, मग आउटडोअरच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून, असा आग्रह धरावा.

जाळी धुऊन बसवली, संध्याकाळपर्यंत काकूंची खोली गार झाली. नळी कोरडीच होती. मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर त्यांनी तिच्याखाली बादली ठेवली.