जास्त वॅट म्हणजे मऊ प्रकाश नव्हे

घरगुती फोटो स्टुडिओसाठी दिवा घेताना जितके वॅट जास्त तितका चेहऱ्यावरचा प्रकाश मऊ, म्हणजे सावल्यांची कड पसरट, असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरत आला आहे. समज स्वाभाविक आहे, कारण खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वॅटचाच असतो.

वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे; जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी साधारण सारखाच उजेड देतात. सावलीची कड मात्र, ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जागेवरून प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो, यावर ठरते. म्हणूनच अवाढव्य सूर्य दूर असल्यामुळे इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारी धारदार सावल्या पाडतो, आणि श्रावणात ढग दाटले की तोच उजेड साऱ्या आभाळातून झिरपून सावल्या विरतात.

याची पडताळणी रामबागेतल्या एखाद्या जुन्या घराच्या माजघरातही करता येईल. रात्री भिंतीपासून वीतभर अंतरावर पेला ठेवावा, उघडा एलईडी बल्ब मीटरभर दूर धरून सावली पाहावी; नंतर बल्ब तसाच ठेवून बल्ब आणि पेला यांच्या मध्ये पांढरी चादर ताणावी. वॅट तेवढेच राहूनही कड पसरलेली दिसेल. चादर काढून तेवढ्याच आकाराचा दुप्पट वॅटचा बल्ब लावल्यास उजेड वाढेल, कड तशीच राहील.

त्यामुळे पहिल्या खरेदीत एक मध्यम एलईडी, भक्कम स्टँड आणि मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी) पुरतो. तो चेहऱ्याजवळ, फोटोच्या चौकटीत येणार नाही इतपत आणावा.