दंतवैद्यकातील ऑपरेटिंग मायक्रोस्कोप

दात आणि त्यांच्या मुळांवर उपचार करताना कामाची जागा मोठी व उजळ दिसावी म्हणून वापरायचे, दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे उपकरण. दंतवैद्यकात ते १९८० च्या सुमारास आले आणि १९९० च्या दशकात रूट कॅनल तज्ज्ञांमुळे रुळले. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एंडोडॉन्टिक्सच्या, म्हणजे रूट कॅनल उपचारांच्या शाखेच्या, पदव्युत्तर प्रशिक्षणात ते सक्तीचे आहे.

साधारण ३ ते ३० पट वर्धन मिळते, तरी या उपकरणाचे खरे बळ प्रकाशात आहे. प्रकाश नजरेच्या रेषेतूनच खाली उतरतो, त्यामुळे सावली पडत नाही आणि पल्प चेंबरचा, म्हणजे दाताच्या आतल्या पोकळीचा, तळ स्वच्छ दिसतो. वरच्या पहिल्या दाढेत एमबी-२ ही मुळातली जादा नळी बहुधा डेंटिनच्या (इनॅमलच्या आतला दाताचा कठीण थर) पातळ कडेखाली दडलेली असते. तळाचा गडद रंग आणि त्यावरची खाच यांचा माग काढत अल्ट्रासॉनिक टिपने (अतिवेगाने कंप पावणारे बारीक टोक) ती कड थोडी थोडी तासली की नळीचे तोंड उघडे पडते. अंदाजाने बर (दात कोरण्याचे फिरते टोक) चालवला तर तळालाच भोक पडण्याचा धोका असतो.

एकूण वर्धन काढताना मायक्रोस्कोपच्या नळीचे नाभीय अंतर भागिले ऑब्जेक्टिव्हचे (रुग्णाकडील भिंग) नाभीय अंतर, गुणिले आयपीस (डोळ्याकडील भिंग), गुणिले वर्धन बदलणाऱ्या फिरत्या चकतीवरचा गुणक असा हिशेब करतात. १७० मिमी नळी, २५० मिमी ऑब्जेक्टिव्ह, १२.५ पट आयपीस आणि १ गुणक असल्यास ८.५ पट वर्धन येते. वर्धन वाढवले की दृश्यक्षेत्र, फोकसची खोली आणि उजेड तिन्ही घटतात. म्हणून जागा शोधायला कमी, प्रत्यक्ष कामाला ८ ते १६ पट आणि बारीक चीर तपासण्यापुरतेच त्याहून जास्त वर्धन ठेवावे.

जुळवणीत घाई करू नये. आधी स्वतःची बैठक, पाठ ताठ; मग रुग्णाची खुर्ची; मायक्रोस्कोप सर्वांत शेवटी. डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी आयपीसमधले अंतर जुळवून दोन्ही वर्तुळे एक करावीत. कागदावरच्या ठिपक्यावर सर्वाधिक वर्धनात फोकस करावा, मग सर्वांत कमी वर्धनावर येऊन फोकसला हात न लावता एकेका डोळ्याचे डायॉप्टर (आयपीसवरची नजरेच्या नंबराची जुळवणी) जुळवावे. हे राहून गेले तर वर्धन बदलताच चित्र धूसर होते आणि डोके दुखते.

वरच्या दातांवर आरशातूनच काम चालते. आरसा पुढच्या पृष्ठावर परावर्तन करणारा हवा, नाहीतर दुहेरी प्रतिमा दिसते. तो दातापासून थोडा दूर धरावा, म्हणजे हत्याराला जागा उरते आणि पाण्याचे शिंतोडेही कमी उडतात. रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा) लावल्यास श्वासाची वाफ अडते. हत्यार घेण्यासाठी नजर काढली की हाताची जागा सुटते, म्हणून ते सहायकाने थेट बोटांत द्यावे.

मुळाच्या टोकावरील शस्त्रक्रियेत सुमारे ३ मिमी टोक जवळजवळ काटकोनात कापतात. मेथिलीन ब्लूने रंगवलेल्या छेदावर दोन नळ्यांना जोडणारी इस्थमसची रेघ निळी उमटते. ती साफ न करता सोडली तर संसर्ग मागे राहतो. कॉम्पोझिट (प्रकाशाने घट्ट होणारे दाताच्या रंगाचे भरण) भरताना मायक्रोस्कोपच्या दिव्याला नारिंगी फिल्टर लावावा. तो नसेल, तर दिव्याच्या तीव्र उजेडात कॉम्पोझिट आकार देण्याआधीच घट्ट होते.