जुना ग्रामोफोन विकायचाय? भाव विचारायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे व्हॉट्सॲपवर सारखा एकच फोटो येतो, समोरून काढलेला, पितळी कर्णा चकचकीत, आणि त्याखाली परदेशी साइटचा स्क्रीनशॉट, "सेम हाच आहे, तिकडे लाखाच्या वर चाललाय, तुम्ही किती द्याल?" अशा फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. काही जणांना राग येतो, पण त्याला कारण आहे.

स्क्रीनशॉटमधला आकडा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. साइटवर 'सोल्ड' फिल्टर लावून, म्हणजे खरंच विकले गेलेलेच पीस काढून बघा, आकडे बरेच खाली येतात. आणि मशीन तेच असलं तरी देश बदलला की गिऱ्हाईक बदलतं. एचएमव्हीचा 102 घ्या, 1931 चा सुटकेससारखा पोर्टेबल. इंग्लंडमध्ये तो इतका खपला की काळा, चालू असलेला पीस आजही साधारण 100 ते 200 पाउंडात मिळतो, लाल किंवा निळा असला तर जास्त. तिथले कलेक्टर खरा पैसा ओततात तो लंडनच्या ईएमजी नाहीतर एक्स्पर्ट या कंपन्यांच्या मशीनवर, कागदाच्या लगद्याचा अवाढव्य कर्णा असलेल्या, जो आपल्याकडे हॉलमध्ये ठेवायलाही जागा नाही. अमेरिकेत व्हिक्ट्रोला, म्हणजे कपाटासारखा ग्रामोफोन, कर्णा आत लपवलेला, 1906 पासून घरोघरी गेला, म्हणून साधं मॉडेल तिकडे स्वस्तात सुटतं आणि इकडे आणायचं म्हटलं तर भाडंच वस्तूच्या वर जातं. मुंबई-पुण्यात सगळी मागणी कर्णा बाहेर दिसणाऱ्या मशीनला, हॉटेलवाले आणि इंटिरियरवाले तेच मागतात. 102 आमच्याकडून नेतात ते ज्यांच्या घरी आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या आहेत ते, त्यांना शोभा नको, आवाज पाहिजे.

आता ज्यात तुमचा आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ते. पितळी कर्णा आणि अष्टकोनी पेटी म्हणजे अँटिक, हा समज आधी काढून टाका. यातले बहुतेक पीस अलीकडे जोडलेले असतात, नवी पेटी, नवा कर्णा आणि आत मोडक्या पोर्टेबलची मोटर. वरची फळी उचलली की लगेच दिसतं, स्क्रूची भोकं जुळत नाहीत, चावीचं भोक नव्याने पाडलेलं असतं, कुत्र्याच्या चित्राची पट्टी मात्र कोरी करकरीत. जुन्या मशीनचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे नाहीतर लाकडाचे. परदेशातला जाणकार जोडलेल्या पीसला हात लावत नाही, म्हणून तिकडचा भाव याला लागूच होत नाही. आम्हीही असे पीस विकतो, पण बिलावर 'नवीन, शोभेचा' असं लिहून.

म्हणून फोटो पाठवताना साउंडबॉक्स (सुई बसवायची गोल डबी) जवळून, टोनआर्म (ती डबी धरणारी नळी), कंपनीची पट्टी आणि फळी उचलून मोटर, एवढं पाठवा. आणि कृपा करून आधी पॉलिश किंवा रंग मारू नका, जुना निकेलचा मुलामा आणि मूळ स्टिकर गेलं की कलेक्टर मागे फिरतो आणि ते परत आणता येत नाही. कोकण-गोव्याकडचे असाल तर मेनस्प्रिंगचा (चावीने गुंडाळली जाणारी मोटरची स्प्रिंग) गंज आणि साउंडबॉक्सच्या पाठीमागच्या धातूला गेलेले तडे पण दाखवा.

मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे नेऊन विकतो, असंही बरेच जण म्हणतात. 100 वर्षं पूर्ण झालेली वस्तू भारताच्या 1972 च्या कायद्यात पुरावशेष (अँटिक्विटी) ठरू शकते आणि तशी ठरली तर ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नेणारच असाल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचं सर्टिफिकेट आधी घ्या.

तपासणीची फी आम्ही घेतो कारण मोटर उघडून बघण्यात अर्धा दिवस जातो. मशीन आम्हाला विकलंत किंवा रिपेअरला दिलंत तर ती वळती करतो. साउंडबॉक्सचं कडक झालेलं रबर बदललं आणि स्प्रिंगला नवं ग्रीस भरलं तरी आवाजात खूप फरक पडतो, विकायचं नसलं तरी एवढं करून घ्या. कुरिअरने पाठवताना साउंडबॉक्स काढून वेगळा गुंडाळा, टोनआर्म बांधा आणि चावी पूर्ण उतरलेली असू द्या.