कढईतलं मीठ वितळत का नाही?

ठाण्यात संध्याकाळी तलावपाळीवर शेंगदाणे भाजणाऱ्याच्या गाडीपाशी थोडं थांबा. कढईत मीठ तापलेलं असतं. त्यात दाणे पडतात, झारा फिरतो, दाणे चाळून निघतात आणि तेच मीठ पुढच्या घाण्याला तयार. तापून तापून ते काळपट पडतं, पण वितळत नाही. त्याच कढईत मूठभर साखर टाकली, तर बघता बघता तिचा चिकट, तांबूस रस होईल. दोन्ही पांढरी, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यात विरघळणारी. मग आचेपुढे इतका फरक का?

मिठात सोडियम आपला बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि दोघं एकमेकांना ओढतात. हा आयनिक बंध. शाळेत आपण इथेच थांबतो आणि सोडियम-क्लोरीनची जोडी डोक्यात घेऊन बाहेर पडतो. पण ही ओढ जोडीपुरती नसते, ती चहूबाजूंना असते. प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन वेढतात: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. कोण कोणाचा जोडीदार, हे सांगताच येत नाही. मिठाच्या खड्यात ‘मिठाचा रेणू’ नावाची वस्तूच नसते!

ही रचना १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं तेव्हा मुलगा अवघा २५ वर्षांचा होता. तरीही १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग हे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ ‘नेचर’मध्ये या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर तुटून पडले. त्यांची अडचण मला समजते. आयुष्यभर रेणू मोजलेल्या माणसाला रेणूच नाही म्हणून सांगितलं, तर ते पचायला जडच जाणार.

मीठ वितळवायचं तर चहूबाजूंची ही पकड सगळीकडेच सैल करावी लागते. त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. गाडीवरची कढई त्याच्या जवळपासही जात नाही.

साखरेत इलेक्ट्रॉन कोणी कोणाला देऊन टाकत नाही, अणू ते वाटून घेतात. या सहसंयुज बंधांनी १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन मिळून एक रेणू घट्ट बांधलेला असतो. मात्र एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड त्या मानाने बरीच सैल, मुख्यतः हायड्रोजन बंधांची. १८६ अंशांच्या आसपास ती सुटते. रंग तांबूस होऊ लागला, की आतले बंधही तुटू लागलेत असं समजावं. चहात मात्र साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटतात, आतून शाबूत राहतात. म्हणून तर चहा गोड लागतो.

कढईचं लोखंड आणखी वेगळं. तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक असतात. ठोका बसला तर थर सरकतात, पण बंध टिकतो, आणि कढईला नुसता पोचा येतो. सैंधवाच्या खड्यावर तोच ठोका घाला. थर जरासा सरकला, की समान भार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा सपाट कडांनी फुटतो.

मग आचेला दाद न देणारं मीठ पेलाभर पाण्यात कसं विरघळतं? पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते, हायड्रोजनची किंचित धन. सोडियमला ऑक्सिजनच्या बाजूने आणि क्लोरीनला हायड्रोजनच्या बाजूने कितीतरी रेणू घेरतात आणि स्फटिकातून एकेकाला सोडवून नेतात. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ असं मावतं.

ठाणे खाडीकाठच्या मिठागरांत सूर्य हेच पाणी उडवून लावतो आणि पट पुन्हा मांडला जातो. खाडीच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइडही थोडं त्या मिठात राहतं. हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी ते पाणी ओढू लागतं. शुद्ध मिठाला त्यासाठी ७५ टक्के लागते. जुलैत ठाण्याची हवा तीही सहज ओलांडते, पण बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं ते त्याच्या कितीतरी आधी.