कॅल्शियम : हाडे, दात आणि व्हिनेगर

कॅल्शियम हे २० अणुक्रमांकाचे धातुरूप मूलद्रव्य आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विद्युत् विच्छेदनाने ते प्रथम वेगळे केले. हवा आणि पाणी यांच्याशी त्याची चटकन विक्रिया होत असल्याने निसर्गात ते सुटे सापडत नाही. चुनखडी, संगमरवर, शिंपले, कवड्या, अंड्याचे कवच आणि प्राण्यांचे सांगाडे यांत ते संयुगांच्या रूपाने असते. म्हणून ‘व्हिनेगरमध्ये कॅल्शियम विरघळते’ असे जे म्हटले जाते, ते बोलण्यापुरतेच ठीक आहे. विरघळतात ती कॅल्शियमची संयुगे, आणि तीही सगळी नव्हेत.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १ ते १.२ किलो कॅल्शियम असते. त्यातले सुमारे ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त खनिजाच्या रूपात. हाडात या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर आणि तंतूंच्या फटींत बसलेले असतात. कुडाच्या भिंतीत कारव्या आणि त्यावर लिंपलेली माती असते, तशीच ही जोडी. खनिजामुळे हाड दाब सोसते, तर कोलॅजेनमुळे ते ताण आणि हिसका सोसते. हाड मजबूत म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे.

ही जोडी फोडून पाहण्याचे सोपे साधन म्हणजे व्हिनेगर. त्यात साधारण ४ ते ८ टक्के ॲसिटिक आम्ल असते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड त्यात काही दिवस बुडवून ठेवले आणि अधूनमधून व्हिनेगर बदलले, तर हाडाचा आकार तसाच राहतो. पण ते रबरासारखे वाकू लागते. आम्लातील हायड्रोजन आयन खनिजातील फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांना जाऊन चिकटतात, स्फटिकाची घडी मोडते आणि कॅल्शियम द्रावणात उतरते. मागे उरते ते कोलॅजेन. उलट, हाड चांगले भाजले तर कोलॅजेन जळून जाते आणि उरलेले खनिज बोटांनी चुरडता येते. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाडाचे पातळ काप घेण्यापूर्वी खनिज असेच काढून टाकतात, मात्र तिथे फॉर्मिक आम्ल किंवा ईडीटीए हे कॅल्शियमला धरून ठेवणारे रसायन वापरतात.

अंड्याच्या कवचाची गोष्ट निराळी. ते जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट असते. व्हिनेगर लागताच त्यावर बुडबुडे येतात. हा कार्बन डायऑक्साइड वायू. सोबत पाणी आणि विरघळणारे कॅल्शियम ॲसिटेट तयार होते. एकदोन दिवसांत कवच नाहीसे होऊन नुसत्या पापुद्र्यातले अंडे उरते. हाडातल्या खनिजात कार्बोनेट थोडेच असल्याने तिथे फारसा फेस येत नाही, आणि फेस नाही म्हणून काही घडत नाही असे पाहणाऱ्याला उगाच वाटते. बोअरच्या पाण्यामुळे नळावर साचणारा पांढरा थर व्हिनेगरने निघतो, तो याच कार्बोनेटच्या विक्रियेमुळे.

व्हिनेगर प्यायल्याने मात्र हाडे मऊ होत नाहीत. जठरातले आम्ल मुळातच त्याहून तीव्र असते, आणि रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) फुप्फुसे व मूत्रपिंडे मिळून ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राखतात. हाडातले खनिज शरीर स्वतःच आम्लाने विरघळवते, पण ते मोजूनमापून. हाडभक्षी पेशी हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून तिथे आम्ल सोडतात. झालेले खड्डे नंतर हाड घडवणाऱ्या पेशी भरून काढतात. रक्तातले कॅल्शियम दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राहावे लागते. ते घटले की गळ्यातल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक हाडांच्या साठ्यातून उचल करायला लावते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यावर झीज भरण्यापेक्षा जास्त होते आणि हाडे ठिसूळ होतात. ड जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. लहान मुलांत त्यातून मुडदूस होतो.

आम्लाला खरा उघडा पडतो तो दात. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेला भाग पुन्हा उगवत नाही. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते, आणि व्हिनेगरचा सामू ३ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. साखरेपासून जंतू तयार करतात ते लॅक्टिक आम्लही हेच काम करते, फक्त सावकाश. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुरुवातीची हानी भरून काढते. म्हणूनच आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत. फ्लोराइडमुळे हे खनिज आम्लाला जास्त दाद देईनासे होते. मात्र दात घडण्याच्या वयात ते अति झाले तर दातांवर डाग पडतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात हा प्रश्न आहे.

आहारात १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पालकातही ते आहे, पण ऑक्झॅलेटने बांधलेले, त्यामुळे अंगी फारसे लागत नाही. अनेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. त्यावर व्हिनेगर पिण्याचा उपाय लोक सुचवत असतात, पण कॅल्शियम ऑक्झॅलेट ॲसिटिक आम्लात विरघळत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचा पांढरा साका ओळखण्याची एक खूणच ती आहे.