वृक्ष आणि किनारा : मराठी शब्दांचे फिरते अर्थ

झाड, रान, साग, बेट, आगर, खाडी, वेळ, बंदर हे मराठी माणसाच्या रोजच्या तोंडातले शब्द. कोशात पाहायची वेळ येऊ नये इतके ते ओळखीचे आहेत. तरी घाट उतरून कोकणात गेले, किंवा दोन-चारशे वर्षे मागे गेले, की यातल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ वेगळा निघतो. काही शब्दांनी संस्कृतातून येताना अर्थ पालटला, काही फार्सी वा पोर्तुगीज बोलणाऱ्यांबरोबर बंदरावर उतरले आणि इथल्या वस्तूंना चिकटले, तर काहींचा अर्थ देशावर एक आणि किनाऱ्यावर दुसरा असा शेजारीशेजारी नांदतो. अर्थ कुठे वळला हे शोधताना बहुधा एकच प्रश्न उपयोगी पडतो : त्या जागेचा किंवा झाडाचा माणूस काय उपयोग करत होता?

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण ‘जंगल’. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रदेशांचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. त्यांतला जांगल म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा, मोकळा, कोरडा मुलूख. पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप. म्हणजे आज ज्याला आपण घनदाट जंगल म्हणतो ते चरक-सुश्रुतांच्या हिशेबी जांगल नव्हेच. मधल्या काळात ‘न कसलेली, पडीक जमीन’ हा अर्थ पुढे आला, आणि पडीक जमिनीवर झाडी माजते म्हणून शब्द हळूहळू झाडीकडे सरकला. इंग्रजांनी तो उचलला तेव्हा त्याचा कोरडेपणा पार गेलेला होता.

‘रान’ त्याच्या अगदी उलट चालले. मूळ संस्कृत अरण्य. कोकणात रान म्हणजे अजूनही जंगल, पण देशावर ‘दादा रानात गेल्यात’ म्हणजे शेतावर गेले आहेत. काळे रान, नांगरलेले रान, उसाचे रान हे सगळे कसलेल्या जमिनीचे शब्द. अरण्य तोडून शेत केले, नाव मात्र तेच ठेवले. ‘रानभाजी’ आणि ‘रानडुक्कर’ यांत जुना अर्थ टिकून आहे. ‘झाड’ या शब्दाची वाट अशीच वेगळी. हिंदीत झाड़-झाड़ी म्हणजे झुडूप. मराठीत आणि गुजरातीत तो पूर्ण वाढलेला वृक्ष झाला. वृक्ष या संस्कृत शब्दाचे घरगुती रूप ‘रूख’ कोकणीत सर्रास चालते, मराठीत मात्र ते मागे पडले.

एकेका झाडाच्या नावात तर आणखी गंमत आहे. संस्कृत ‘शाक’ म्हणजे भाजी, आणि ‘शाक’ म्हणजेच सागवानाचे झाड. हिंदीने भाजीसाठी ‘साग’ ठेवला आणि झाडाला सागौन म्हटले. मराठीने साग झाडाला दिला आणि भाजीला भाजीच म्हटले. उत्तरेतला माणूस ‘सरसों का साग’ म्हणतो तेव्हा नवख्या मराठी कानाला क्षणभर लाकूडच ऐकू येते. सागाचे मोल किनाऱ्यावर जहाजांमुळे वाढले. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग, शिसव तोडावे पण परवानगीने, आणि आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीद आहे. ज्यासाठी साग लागत असे तो ‘आरमार’ शब्दही पोर्तुगीज ‘आर्मादा’पासून आलेला.

‘श्रीफळ’ म्हटले की आज नारळच. अमरकोशात मात्र श्रीफल हे बेलाच्या नावांपैकी एक आहे. सत्कारात शाल आणि श्रीफळ देताना आपण जुन्या कोशाच्या हिशेबाने बेलफळ देतो म्हणायला हरकत नाही. सुपारीला कोकणात पोफळ म्हणतात ते ‘पूगफल’ या शब्दाचे झिजलेले रूप. तिथे अर्थ जागच्या जागी राहिला, आवाज तेवढा बदलला.

‘सुरू’ची गोष्ट लांबची आहे. फार्सी ‘सर्व’ म्हणजे सायप्रस नावाचा उंच, सरळ, देखणा वृक्ष. फार्सी कवी प्रेयसीच्या बांध्याला त्याची उपमा देतात. मराठीत आल्यावर हे नाव समुद्रकाठी वारा अडवण्यासाठी लावलेल्या, सुईसारख्या पानांच्या एका परदेशी झाडाला मिळाले. दोन्ही झाडांचे नाते उंची आणि दिसणे एवढेच. अलिबागेपासून मालवणापर्यंत सहलीला जाणारे ज्याला सुरूचे बन म्हणतात ते हे.

माड म्हणजे किनाऱ्यावर नारळाचे झाड, पण सुरमाड किंवा भेरली माड हे वेगळ्याच ताडवर्गीय झाडाचे नाव. माडापासून माडी, ताडापासून ताडी, आणि याच ताडीपासून इंग्रजांची ‘टॉडी’. घराच्या वरच्या मजल्याची माडी निराळी, तिचा या रसाशी संबंध नाही. गोव्यात या रसाला सूर म्हणतात आणि तो काढणाऱ्याला रेंदेर. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा परंपरेने भंडाऱ्यांचा धंदा. भेंडी हे नाव भाजीचेही आणि किनाऱ्यावर आढळणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका वृक्षाचेही. त्यालाच परसपिंपळ म्हणतात. दोन्हींची फुले शेजारी ठेवली तर नाव एक का, ते कळते. वनस्पतिशास्त्रातही दोघे एकाच कुळातले.

झाड आणि समुद्र दोन्ही एकाच शब्दात पाहायचे असतील तर ‘बेट’ घ्यावे. भूगोलाच्या पुस्तकात बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी असलेली जमीन. पण बांबूचे बेट, कळकाचे बेट यात पाण्याचा संबंध नाही. एकाच मुळातून गोलाकार वाढलेला दाट जथा तो बेट. कोपरगावात गोदावरीकाठच्या एका भागाचेच नाव बेट आहे, तेही समुद्रापासून कितीतरी दूर. वेढून असणे, बाजूच्या जमिनीहून तुटून उभे असणे ही खूण तिन्ही ठिकाणी सारखी.

समुद्रातल्या बेटाला किनाऱ्यावर आणखीही नावे आहेत. खाडीतल्या बेटाला जुवे म्हणतात. गोव्यातल्या सांतो एस्तेव्ह बेटाचे स्थानिक नाव हेच, आणि मुंबईचे जुहू, जे पूर्वी खरोखर बेट होते, तेही पोर्तुगीज कागदांत याच धर्तीच्या नावाने येते. ‘द्वीप’ झिजून दीव झाले. अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, मराठीत ‘जंजिरा’ होऊन आला तेव्हा त्याचा अर्थ पाण्यातला किल्ला असा झाला. जुन्या पत्रांत जंजिरे सुवर्णदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असे लिहिलेले दिसते. मुरूडजवळच्या सिद्दीच्या किल्ल्याचे पूर्ण नाव जंजिरे मेहरूब. पुढे मेहरूब गळाले, सामान्यनाम विशेषनाम झाले, आणि आता ‘जंजिरा’ म्हटले की तो एकच किल्ला डोळ्यांपुढे येतो. अल्जीरिया या देशाच्या नावातही हाच अरबी शब्द अनेकवचनात आहे.

पाण्याच्या नावांत मराठी आणि हिंदी यांची वारंवार चुकामूक होते. फार्सी ‘दर्या’ समुद्रालाही लागतो आणि मोठ्या नदीलाही; मध्य आशियातली अमू दर्या नदी आहे. हिंदी-पंजाबीत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्रच, आणि दर्यावर्दी तो समुद्रावर फिरणारा. सिंधू संस्कृतात नदीही आहे आणि समुद्रही. 1664 मध्ये मालवणच्या समुद्रात ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या सिंधुदुर्गात तो दुसऱ्या अर्थाने आहे. खाडी मराठीत म्हणजे भरतीचे खारे पाणी जिथवर आत शिरते तो चिंचोळा भाग : ठाण्याची खाडी, धरमतरची खाडी. हिंदीत ‘बंगाल की खाड़ी’ म्हणजे आपला बंगालचा उपसागर. वृत्तवाहिन्यांच्या घाईच्या भाषांतरात ‘खाडी देश’ येतात ते यामुळेच. मराठीत ते आखाती देश. हा आखातही कमी फिरलेला नाही. संस्कृत कोशात ‘अखात’ म्हणजे न खणलेले, आपोआप झालेले तळे. माणसाने न खणलेले पाणी एवढा धागा धरून मराठीने तळ्याचा समुद्र केला.

‘वेळ’ या शब्दात समुद्र अजून लपलेला आहे. अमरकोशात वेला या शब्दाचे तीन अर्थ येतात : समुद्राच्या पाण्याचा चढउतार, काळ आणि मर्यादा. शिवाय किनारा हाही अर्थ संस्कृतात रूढ आहे. प्रमाण मराठीने काळ ठेवला. कोकणीत ‘दर्यावेळ’ म्हणजे समुद्रकिनारा. कोळ्याच्या लेखी वेळ आणि पाणी यांची फारकत आजही झालेली नाही. त्याचे होडी लोटण्याचे गणित घड्याळापेक्षा तिथीवर चालते : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराचे पाणी. शहरात भांग केसांत पडतो किंवा होळीला प्यायली जाते. भरती तर आता नोकरीचीच बातमी झाली आहे.

पुळण हा ‘पुलिन’चा वंशज. संस्कृतात पुलिन म्हणजे पाण्यातून वर आलेला वाळवंटी भाग, आणि काव्यात तो बहुधा नदीचा असतो. कोकणात पुळण समुद्राची. गणपतीपुळ्याच्या नावात ती आहे. मुंबईत मात्र पुळण मागे पडली आणि चौपाटी आली. चार पाट, म्हणजे पाण्याचे चार ओघ, असा या नावाचा अर्थ सांगतात. एका जागेचे हे नाव आधी जुहूला गेले, मग समुद्र सोडून निघाले. पुण्यात सारसबागेजवळ चौपाटी आहे, नागपुरात फुटाळा तलावावर आहे. तिथे वाळू नाही आणि लाटाही नाहीत. भेळ आणि पावभाजी आहे, आणि चौपाटी म्हणायला तेवढे पुरते. किनारा हा फार्सी शब्द नुसत्या कडेचा. साडीची किनार तीच. काठाचेही तसेच : काठ नदीला, आणि साडीलाही.

या साऱ्यांत सर्वांत खोल गेलेला शब्द ‘आगर’. किनाऱ्यावर आगर म्हणजे नारळ-पोफळीची शिंपणीची बाग. श्रीवर्धनची रोठा सुपारी अशाच आगरांतली. पण आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागाही, म्हणून मिठागर, आणि तिथे राबणारे ते आगरी. एका जागेत गोड्या पाण्याची झाडे, दुसरीत खाऱ्या पाण्याचे वाफे. समान काय, तर दोन्ही ठिकाणी माणूस बांध घालून, पाणी खेळवून पीक काढतो. संस्कृत ‘आकर’ म्हणजे खाण. ‘गुणांचे आगर’ म्हणताना आपण त्याच अर्थाच्या जवळ असतो. गोव्यात फोंड्याकडची, डोंगरउतारावरची पोफळीची बाग ती कुळागर, आणि पेडण्यातले आगरवाडो हे गाव. एसटीचे आगार मात्र वेगळे. ते घर या अर्थाच्या संस्कृत आगार शब्दातून आले. फलकावर कधी कान्याची चूक झाली की बसस्थानकात नारळाची बाग उगवते. गोव्यात नारळाच्या बागायतीला भाट म्हणतात, तिचा मालक भाटकार आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. 1975 च्या मुंडकार कायद्यामुळे हे शब्द कोर्टकचेरीत पोचले. देशावरचा भाट राजाची स्तुती गातो, त्याचा या नारळांशी संबंध नाही.

आगराला लागून खाजण येते, आणि इथे मतभेद सुरू होतो. गोव्यात खाजन म्हणजे खाडीकाठची दलदल बांध घालून मिळवलेली शेतजमीन. पाण्याचे दार ते मानस. ओहोटीला ते उघडून आतले पाणी सोडतात, भरतीला ते मिटते. पावसाळ्यात कोरगूटसारखे खारे सोसणारे भात, आणि मानशीपाशी कोळंबी-मासे. शतकानुशतके गावकरी मिळून हे बांध राखत आले. मुंबई-ठाण्याकडे मात्र खाजण म्हणजे नुसती चिखलाची, तिवरांची पाणथळ, आणि शहराच्या नजरेने तर भर घालायची जागा. एकाच शब्दात एकीकडे कसलेले शेत आणि दुसरीकडे ‘रिकामी’ जमीन. मुंबईतली कितीतरी भर या दुसऱ्या अर्थाच्या आधारावर पडली, असे म्हणायला जागा आहे. रायगडात अशाच मिळवलेल्या जमिनीला खार म्हणतात. तिच्यासाठी 1948 मध्ये मुंबई प्रांतात खारलँड कायदा झाला.

त्या चिखलातल्या झाडांना पूर्वी एकच सामायिक नाव फारसे लागत नसे. तिवर, कांदळ, चिप्पी अशी ती वेगवेगळी ओळखली जात, कारण सरपण, चारा, जाळी रंगवणे असे त्यांचे उपयोग वेगळे होते. खारफुटी आणि कांदळवन हे सरसकट शब्द अलीकडे, संवर्धनाच्या चळवळीबरोबर आणि सरकारी कागदांबरोबर रुळले. महाराष्ट्र वनविभागात 2012 मध्ये कांदळवन कक्ष झाला, आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. मुंबईच्या खाड्यांत सर्वाधिक आहेत ती तिवरे, नाव मात्र कांदळाचे. या झाडाच्या एका भाईबंदाचे शास्त्रीय नाव ‘कँडेलिया’ हेही मलबारच्या स्थानिक शब्दावरून पडले. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान रेडे याने केरळच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या बारा खंडांच्या ग्रंथात ते नाव नोंदले गेले. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचा हात होता.

उलटा प्रवासही झाला. वडाला इंग्रजीत ‘बन्यन’ म्हणतात ते झाडावरून नव्हे, वाण्यांवरून. इराणच्या किनाऱ्यावर आजच्या बंदर अब्बासजवळ अशा एका झाडाखाली गुजराती वाणी जमत. युरोपीय प्रवाशांनी ते वाण्यांचे झाड म्हटले आणि नाव जगभर झाले. ‘बंदर’ हा शब्द त्याच किनाऱ्यावरून आपल्याकडे आला.

मुंबईच्या जुन्या नकाशात झाडे आणि किनारा जोडीने सापडतात : चिंचबंदर, बोरीबंदर, उमरखाडी. बोरीबंदरच्या बोरीबद्दल एकमत नाही; कुणी बोरीची झाडे म्हणतात, कुणी धक्क्यावरच्या मालाच्या गोण्या. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती तिथूनच. उमरखाडी म्हणजे उंबराची खाडी. मुंबई आणि माझगाव या दोन बेटांच्या मध्ये ती वाहत असे. भर घालून ती बुजवली गेली आणि तिथे वस्ती झाली. आता त्या नावाचा पत्ता सांगणाऱ्याला तिथे ना उंबर दाखवता येतो ना पाणी.